तुळशीच्या कट्ट्यात मोहळ बसलंय आणि तुळशीचं लग्न वीस दिवसांवर आलंय, काय करू?

फॉलपिको_वडगाव

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घर बेळगावात वडगावला, जुनं कौलारू. मागच्या अंगणात सासऱ्यांनी बांधलेला तुळशीकट्टा आहे. विटांचा, कमरेएवढा, आतनं पोकळ. वर तुळस, पुढच्या अंगाला पणतीची दिवळी. मागच्या अंगाला वीतभर उंचीवर दोन विटांमधला चुना पडून एक फट झालीय, माझी करंगळी जाईल एवढी. त्या फटीत मधमाश्या राहायला आल्यात.

कधी आल्या म्हणाल तर शिमग्याच्या सुमारास एका दुपारी लिंबाच्या फांदीला नारळाएवढा काळपट गोळा लोंबत होता. दुसऱ्या दिवशी बघते तर नाही. मी म्हटलं गेल्या. पावसाळ्यात तर आमच्या इकडं माणूस बाहेर पडत नाही, माशी कुठली दिसणार. दसऱ्यानंतर उघडीप पडली आणि कळलं की गेल्या नव्हत्याच, चार हातांवर मुक्काम टाकला होता.

माझं शिलाई मशीन खिडकीशी आहे. साडीला फॉल लावता लावता मान वर केली की कट्ट्याची मागची बाजू दिसते. सकाळी आठ-नऊला गर्दी बघण्यासारखी असते. काहींच्या मागच्या पायांना पिवळे गोळे, हळदीच्या करंड्यातनं पाय काढल्यागत. फटीशी आल्या की क्षणभर थांबतात, आतली एखादी तोंडाला तोंड लावते, मग आत. आमच्या घरात पाहुण्यांची एवढी चौकशी होत नाही.

आता भांडण. ‘हे’ म्हणतात गवंडी बोलवून लग्नाआधी फट सिमेंटनं लिंपून टाकू, कट्ट्याला रंगपण होईल. सासूबाई ८१ वर्षांच्या, रोज तिथं दिवा लावतात, त्या म्हणतात तुळशीच्या पोटाला आलेत, हात लावायचा नाही. शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, त्यांनी कंपाउंडवरनं एकच शब्द सांगितला, हेज्जेनू, आणि रात्री टेंभा लावून जाळा म्हणाल्या. दिवाळीला पुण्याहून तीन वर्षांचा नातू येणार, त्याला एका जागी बसवणारा माणूस अजून जन्मायचाय.

मला एकदा चावल्यात, पण ती माझी खोडी. कट्टा धुताना पाइपाचं पाणी सरळ फटीवर धरलं. मनगटाला दोन डंख, दोन दिवस बांगडी फिरत नव्हती.

आणि एक गोष्ट बघितली ती कुणीतरी समजावून सांगा. परवा दुपारी एक दांडगी गांधीलमाशी फटीपुढं घिरट्या घालत होती. अचानक दहा-वीस माश्या तिच्यावर पडल्या, मग आणखी, आणि लिंबाएवढा गोळा होऊन खाली फरशीवर पडला. मी मशीन थांबवून बघत बसले. गोळा नुसता थरथरत होता. बऱ्याच वेळानं सुटला तर मधे गांधीलमाशी मेलेली, आणि माश्या आपापल्या कामाला. चावून मारलं म्हणावं तर तसं काही दिसलं नाही.

ठेवायच्या का घालवायच्या? आणि ठेवायच्या तर एकाच अंगणात लग्न, दिवे, नातू आणि ह्या, कसं जमवायचं?

पुण्यातला_बेळगावकर

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, तासाभराचं काम. लहान मूल घरात येणार असताना रिस्क कशाला घ्यायची?

जांबोटी_काका

पुणेकरांनी घाई करू नये. ताई, गवंड्याला आधी थांबवा, मग पुढचं वाचा.

तुमचा निम्मा प्रश्न तुमच्याच लिहिण्यात सुटलाय. आग्या, म्हणजे अक्कांची हेज्जेनू, फटीत राहतच नाही. ती उंच झाडाला नाहीतर इमारतीच्या छज्जाला उघड्यावर एकच मोठं पोळं लावते. फुलोरीपण उघड्यावरची, झुडपातल्या बारीक फांदीला पंजाएवढं पोळं. अंधाऱ्या पोकळीत राहणाऱ्या आपल्याकडं दोनच. एक ती बारकी डासाएवढी, जिला डंखच नाही, कन्नडात मिसरी म्हणतात. दुसरी सातेरी. तुम्हाला डंख बसलाय, म्हणजे सातेरी. अक्कांना सांगा, ‘इदु हेज्जेनु अल्ला, तुडुवे.’ तुडुवे म्हटल्यावर त्यांचा सूर बदलेल बघा. सातेरी पेटीत पाळतात ती हीच. स्वभावानं गरीब, दार अडवलं किंवा घर हलवलं तरच चिडते. पाइपाचं पाणी म्हणजे तिच्या दृष्टीनं पूरच आला की.

लिंपायचं का नाही ते सांगतो. आत एकाला एक समांतर अशी पाच-सात पोळी असणार, त्यात मध आणि पिलावा. दार बंद केलं की आतल्या गुदमरून मरतात आणि कुजतात. पोळ्याला वारा घालून थंड ठेवणारं कुणी उरलं नाही की मेण मऊ पडतं, मध विटांतनं झिरपतो, मुंग्या लागतात, मागनं मेणकिडा. आणि चरायला गेलेल्या माश्या परत येऊन दार शोधत तुमच्या डोक्याभोवती फिरतात, ते वेगळंच. अर्ध्या पोत्या सिमेंटच्या नादात वर्षभराचा वास विकत घ्याल.

गांधीलमाशीचं जे बघितलंत ते बघायला लोक तरसतात. चावून नाही, शिजवून मारलं. माश्या तिला घेरून अंगाचे स्नायू थरथरवतात आणि गोळ्याच्या आत उष्णता वाढवतात. ४५ अंशांच्या वर गेलं की गांधीलमाशी मरते, सातेरी त्याहून थोडी जास्त सोसते. त्या दोन-तीन अंशांवर सगळा खेळ. बाहेरून आणलेल्या मेलिफेरा माशीला ही विद्या फारशी जमत नाही. गांधीलमाशीचा जोर पाऊस संपल्यावर असतो, अजून महिनाभर येत राहतील. करंगळी जाते म्हणजे ती पण आत शिरते. फटीवर लाकडाची पातळ पट्टी बसवा, दोन-तीन माश्या शेजारी शेजारी चालत जातील एवढं दार ठेवा. सूर्य बुडाल्यावर करा, ठोकाठोक नको.

आता एकत्र राहायचं कसं. फटीतनं निघाली की माशी सरळ समोर झेप घेते, त्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूनं कितीही जवळ जा. फटीपुढं दोन-तीन फुटांवर काहीतरी आडोसा उभा करा म्हणजे त्या उठतानाच वर चढतात आणि माणसाच्या डोक्यावरनं जातात. फडफडणारं कापड नको, झाप, कुंड्या, काहीही स्थिर चालेल.

दिवळीतल्या पणतीचं काही नाही, ती पुढच्या अंगाला आहे आणि दिवेलागणीला माश्या घरी आलेल्या असतात. मागच्या कठड्यावर दिव्यांची रांग मात्र लावू नका. धूप, उदबत्ती फटीपासनं लांब. धुरानं माश्या शांत होतात हे अर्धवट खरं आहे. घराला आग लागली समजून त्या पोटभर मध पिऊन निघायच्या तयारीला लागतात, म्हणून चावत नाहीत. रोज धूर दिलात तर एक दिवस खरंच निघून जातील. विजेचा पांढरा दिवा कट्ट्यावर टांगला तर रात्री काही दिव्यावर येऊन आपटतील. टांगायचाच तर लाल कागद गुंडाळा, मधमाशीला लाल रंग दिसत नाही.

उन्हाळ्याच्या आधी परातीत खडे घालून पाणी ठेवायला लागा. एकदा का त्यांनी तुमची धुण्याची जागा धरली की मग मोडणं अवघड, ओल्या कपड्यांवर बसणार आणि तुम्ही घडी घालताना चावणार.

एवढं का लिहितोय ते पण सांगतो. आमच्या वडलांच्या ११ पेट्या होत्या. १९९१-९२ ला दक्षिणेत सातेरीवर थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू आला. अळी पाण्यानं भरलेल्या पिशवीगत होऊन मरते. आमच्या दोन पेट्या उरल्या. वडील रोज सकाळी झाकण उघडून बघायचे आणि काही न बोलता लावायचे. पुढं ज्या वसाहती पुन्हा वाढल्या त्या जंगलात, विहिरीच्या कपारीत, अशा कट्ट्यात, कुणी औषध न देता टिकलेल्यांच्या पोटच्या. तुमच्या फटीतल्या पावसाळा स्वतःच्या जिवावर काढून उभ्या आहेत. आम्ही पेटीवाले पावसात साखरेचं पाणी पाजत बसतो.

पुण्यातला_बेळगावकर

काका, शब्द मागे घेतो. पण पेटीत घालून लांब नेता येत नाही का? कट्टा मोकळा होईल, माश्या पण जगतील.

जांबोटी_काका

येतं की. कट्टा फोडायचा, पोळी एक एक कापायची, पिलाव्याची पोळी केळीच्या सोपटानं चौकटीला बांधायची, राणी सापडली की पेटीत घालायची, बाकीच्या मागनं चालत येतात. पेटी संध्याकाळपर्यंत तिथंच ठेवायची, मग न्यायची ती दोन-तीन किलोमीटरच्या पुढं, नाहीतर चरणाऱ्या माश्या जुन्या जागी परत. पण तुळशीचा कट्टा फोडायला सासूबाईंची परवानगी तुम्ही आणा, मी खानापूरवरनं येतो.

निपाणीची_माई

फॉलपिको ताई, तुमच्या सातेरीला नमस्कार, आमच्याकडं तीन वर्षं झाली आग्या येतोय. समोरच्या पाण्याच्या टाकीखाली. दिवाळीनंतर येतो, पावसाच्या तोंडावर जातो. पहिल्या वर्षी मला कळेना, वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके कसले पडायलेत. घरच्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर तर हळदीकुंकू झाल्यागत. जाऊबाई म्हणाल्या तंबाखूच्या वखारीतनं काहीतरी उडतंय. निपाणीत कशाचंही खापर तंबाखूवर फुटतं. शेवटी एका दुपारी डोळ्यानं बघितलं, पोळ्यावरनं शेकडो माश्या एकदम उठल्या, गोल फिरल्या आणि परत बसल्या, आणि माझ्या ओढणीवर ताजे ठिपके. हगायला निघतात ओ त्या, सगळ्या मिळून! वाळायच्या आत गार पाण्यात टाकलं तर डाग निघतो.

आग्याच्या बाबतीत आम्ही एकच पाळतो, तिच्या वाटेला जायचं नाही. दुसऱ्या वर्षी गल्लीतल्या पोरांनी खाली टायर पेटवला. तीन जणांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि बांधलेलं एक वासरू गेलं बिचारं. टायर पेटवणारं पोरगं धड होतं, ते आधीच पळालं. तेव्हा अक्कांची भीती चुकीची नाही, माशी चुकीची धरलीय एवढंच.

नाइटड्यूटी_हिंडलगा

मी नर्स आहे, एवढंच सांगते. डंख बसला तर चिमटा शोधत बसू नका, नखानं खरवडून लगेच काढा. काटा अंगात असेपर्यंत विषाची पिशवी आत ढकलत राहते, म्हणून कसा काढला यापेक्षा किती पटकन काढला ते महत्त्वाचं. काढला की तिथनं लांब जा, त्याला केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासानं बाकीच्या येतात. मग थंड पाणी, बर्फ. चुना लावतात आपल्याकडं, त्यानं विष उतरत नाही.

हात सुजला, खाजला तर दोन दिवसांत बसतं. पण ओठ किंवा जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, धाप लागली, चक्कर आली तर एकच डंख असला तरी सरळ हॉस्पिटल. घरात वाट बघायची नाही. लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला एकदम बरेच डंख बसले तरी तेच. सासूबाईंना बीपीची गोळी असेल तर तिचं नाव कागदावर लिहून ठेवा, काही गोळ्यांमुळं अ‍ॅलर्जीचा झटका आवरायला जड जातो, डॉक्टरांना आधी कळलेलं बरं. आणि कधी मध काढलात तर वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचा नाही, कुठल्याही आजीनं काहीही सांगितलं तरी.

फॉलपिको_वडगाव

काका, माई, नर्सताई, सगळ्यांना हात जोडून. तुळशीचं लग्न काल झालं, आता सविस्तर लिहिते.

आधी अक्का. मी कंपाउंडशी जाऊन काकांचं कन्नड वाक्य जसंच्या तसं म्हटलं. त्या आधी माझ्या उच्चाराला हसल्या, मग ‘तुडुवे?’ म्हणत चप्पल घालून आल्याच. वाकून फटीकडं पाच मिनिटं बघितलं आणि सांगायला लागल्या की त्यांच्या माहेरी गोठ्याच्या भिंतीत मडकं बसवलेलं असायचं, ह्यांच्यासाठीच. इतके दिवस जाळा म्हणणारी बाई आता मला सांगते फटीकडं तोंड करून शिंकू नको.

आडोशाला सासूबाईंची जुनी बाज उभी केली. दोन दिवस माश्या गोंधळल्या, नवारीच्या भोकांतनं जायला बघायच्या. तिसऱ्या दिवसापासनं झक्क वरनं. आता मी कपडे वाळत घालते आणि डोक्यावरनं रहदारी चाललेली असते.

नातवाचं सगळ्यांना टेन्शन होतं. त्याला पहिल्याच दिवशी कट्ट्याच्या पुढच्या बाजूला कान लावायला शिकवलं, दिवळीच्या खाली. आतनं घूं असा आवाज येतो, लांब कुठंतरी गिरण चालल्यागत. मग काय, दिवसातनं दहा वेळा कान लावून उभा. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला कान लावायला लावलं, दूधवाला, गॅसवाला, अक्का. एवढा वेळ गप्प उभा राहिलेला त्याला त्याच्या आईनं पण कधी बघितला नव्हता.

लग्नात एक चूक झालीच. मांडवाचे ऊस ह्यांनी सकाळीच तोडून आणले आणि कट्ट्याला टेकवून ठेवले, तोडलेली बाजू वर. अकरापर्यंत प्रत्येक बुडख्यावर माश्या, रस चाटत. काकांनी एवढं सांगितलं, पण उसाचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. हे लांबनं टॉवेल झटकायला लागले, तो मी हिसकावून घेतला. शेवटी बुडख्यांना ओल्या फडक्यानं पुसून वर पिशव्या बांधल्या. तासाभरात पांगल्या. आवळे आणि चिंचांकडं ढुंकून बघितलं नाही.

लग्न गोरज मुहूर्ताचं. भटजी आले तेव्हा शेवटच्या दोन-चार माश्या घरी येत होत्या. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, आणि मागं सगळं गपगार. दिवे सगळे पुढच्या अंगाला. गल्लीतल्या पोरांना लवंगी माळ रस्त्याच्या टोकाला लावायला सांगितली होती, त्यांनी अर्धी टोकाला आणि अर्धी दारात लावली. मी बॅटरीला लाल जिलेटिन कागद गुंडाळून मागं जाऊन बघितलं. फटीच्या तोंडाशी भिंतीवर माश्यांची मूठभर दाढी बाहेर आलेली, हलत नव्हती, नुसत्या बसलेल्या. अर्ध्या तासानं आत गेल्या. सासूबाई म्हणाल्या, वऱ्हाडी आलेत बघायला.

गवंडी येऊन बसला होता ठरल्या दिवशी. पुढचा गिलावा आणि दिवळी करून घेतली, मागं हात लावू दिला नाही. तरी अख्ख्या दिवसाची मजुरी घेतली, द्यावीच लागली.

आणि काका, तुमची पट्टी. घरात पातळ लाकूड कुठलं, माझी शिलाईची जुनी फूटपट्टी मोडलेली होती, तिचा तुकडा लावला. कातरवेळी, मातीनं चिकटवून, ठोकाठोक न करता. लावताना बघितलं नाही, सकाळी कळलं की आकडे बाहेरच्या बाजूला राहिलेत, १७ पासनं २४ पर्यंत. माश्या जातात ते दार बरोबर २२ च्या खाली आलंय. गांधीलमाशी काल दोनदा आली, पट्टीवर चालून बघितली आणि गेली. नातवाला फोनवर फोटो पाठवला. आता रोज संध्याकाळी फोन येतो, आजी कशी आहेस वगैरे काही नाही, पहिला प्रश्न, ‘बावीस नंबरवाल्या झोपल्या का?’